तीनदा वाचले, तरी आठवत का नाही?

वाचकांचे प्रश्न

शरीररचनाशास्त्र आणि एकूणच विज्ञान कसे शिकावे व कसे शिकवावे, याबद्दल संशोधन काय सांगते, हा विषय या महिन्याच्या सदरासाठी जाहीर केला होता. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. उत्तरे देणाऱ्या लेखिकेने अनेक वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवले आहे.

प्रश्न : मॅडम, मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीला जीवशास्त्रात मला उत्तम गुण होते. इथे मात्र अप्पर लिंबचा (खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हाताचा) संपूर्ण भाग तीनदा वाचून काढला, महत्त्वाच्या ओळी हायलायटरने रंगवल्या, आणि तरी व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) ब्रेकियल प्लेक्सस (हाताला जाणाऱ्या नर्व्हचे, म्हणजे मज्जातंतूंचे, जाळे) विचारल्यावर डोके एकदम रिकामे झाले. सर म्हणाले, अभ्यास वाढव. मी रात्री दोनपर्यंत जागते. आणखी किती वाढवू? (एक विद्यार्थिनी, मराठवाडा)

उत्तर : तू किती तास बसलीस, किती वेळा वाचलेस, हे सगळे पत्रात सविस्तर लिहिले आहेस, पण पुस्तक मिटून स्वतःला किती वेळा प्रश्न विचारलास, याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही. माझ्या मते अडचण नेमकी तिथे आहे, आणि ती तुझ्या एकटीची नाही. हुशार मुलांची मी पाहिलेली सर्वांत सामान्य अडचण हीच आहे.

एखादे प्रकरण दुसऱ्यांदा वाचताना वाक्ये ओळखीची वाटू लागतात, तिसऱ्या वेळी पुढचे वाक्य काय असेल याचाही अंदाज येतो, आणि हे आता आपले झाले अशी मनाची खात्री पटते. परंतु समोर असलेली गोष्ट ओळखणे आणि समोर काहीही नसताना ती आठवून सांगणे ही दोन निराळी कामे आहेत. लग्नकार्यात एखादा चेहरा पाहताक्षणी ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही, तसे हे आहे. व्हायव्हाच्या टेबलावर परीक्षक चेहरा दाखवत नाहीत, नाव विचारतात. आणि तू तीनही वेळा फक्त चेहरा पाहण्याचा सराव केलास.

यावर झालेला एक प्रयोग मी दरवर्षी नव्या तुकडीला सांगत असे. अमेरिकेत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी तो केला आणि २००६ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चारही सत्रांत नुसता वाचला. दुसऱ्या गटाने तीन सत्रांत वाचला आणि चौथ्या सत्रात तो न पाहता आठवून लिहिला. तिसऱ्या गटाने पहिल्याच सत्रात काय ते वाचले आणि उरलेल्या तीनही सत्रांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा नुसते वाचणाऱ्यांना सुमारे ८३ टक्के, दुसऱ्या गटाला ७८ टक्के आणि तिसऱ्या गटाला ७१ टक्के आठवले. इथेच थांबलो असतो, तर पुन्हापुन्हा वाचणे हीच उत्तम पद्धत असे आपण म्हटले असते. पण एका आठवड्यानंतर चाचणी झाली तेव्हा क्रम पूर्ण उलटला होता : नुसते वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, दुसरा गट ५६ टक्क्यांवर आणि तीनदा आठवून लिहिणारा गट ६१ टक्क्यांवर राहिला. याहून महत्त्वाचे म्हणजे, हे आपल्याला आठवड्यानंतर चांगले आठवेल असा सर्वांत जास्त विश्वास नुसते वाचणाऱ्या गटालाच होता. वाचून येणारी खात्री आणि प्रत्यक्ष टिकणारे ज्ञान यांत किती अंतर असते, हे त्या आकड्यांत दिसते. तुझी रात्री दोन वाजताची खात्री आणि सकाळची व्हायव्हा यांच्यामध्ये तेच अंतर आडवे आले.

आता ब्रेकियल प्लेक्ससच घे. एकदा नीट समजून वाच, मग पुस्तक मिटून कोरा कागद समोर ठेव. डावीकडे मणक्यांतून निघणारी सी-५ ते टी-१ ही पाच मुळे लिही. वरची दोन एकत्र येऊन अप्पर ट्रंक, मधले एकटेच पुढे जाऊन मिडल ट्रंक, खालची दोन मिळून लोअर ट्रंक. प्रत्येक ट्रंकचे पुढचा आणि मागचा असे दोन फाटे. मागचे तीनही फाटे एकत्र येऊन पोस्टिरिअर कॉर्ड, पुढच्या फाट्यांपैकी वरचे दोन मिळून लॅटरल कॉर्ड, आणि उरलेला एक मेडिअल कॉर्ड. त्यापुढे शेवटच्या पाच नर्व्ह, ज्यांपैकी तीन ॲक्सिलरी धमनीसमोर एम अक्षराचा आकार करतात. पहिल्या खेपेला तू बहुधा फाट्यांपाशी अडशील. अडलीस की लगेच पुस्तक उघडू नकोस. दोन मिनिटे अडून राहा, आठवण्याचा खरोखर प्रयत्न कर, मग उघडून चुकलेली रेघ वेगळ्या शाईने दुरुस्त कर. त्या दोन मिनिटांत वेळ वाया जातो आहे असे वाटेल. खरे तर त्याच वेळात तुझा अभ्यास होत असतो. आकृती जमली की तिच्यावर एक रुग्ण आणून बसव : दंडाचे हाड मध्यावर मोडले आहे आणि रुग्णाला मनगट वर उचलता येत नाही, तर कोणती नर्व्ह, ती कोणत्या कॉर्डमधून आली, आणि तिच्यात कोणती मुळे आहेत? रेडिअल नर्व्हपासून मागे मागे जात पोस्टिरिअर कॉर्डमार्गे मुळांपर्यंत पोहोचता आले, की हा प्लेक्सस तुझा झाला.

हे सारे एका रात्रीत चार वेळा करू नकोस. आज कर, परवा कर, पुढच्या आठवड्यात कर, मग महिन्याने कर. निकोलस सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेराशेहून अधिक लोकांवर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की परीक्षा जितकी दूर असेल, तितके दोन उजळण्यांमधील अंतरही वाढवलेले चांगले. थोडे विसरायला लागल्यावर आठवण्याचा प्रयत्न केला, की ते अधिक पक्के बसते. हायलायटरबद्दलही एक सांगते. जॉन डनलॉस्की यांच्या गटाने २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती तपासल्या, तेव्हा ओळी रंगवणे आणि पुन्हापुन्हा वाचणे यांची उपयुक्तता कमी ठरली. स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे या दोनच पद्धतींना त्यांनी वरची श्रेणी दिली.

तुझ्या सरांनी अभ्यास वाढवायला सांगितले. मी तास कमी करायला सांगते. दोन वाजेपर्यंत जागून चौथ्यांदा वाचण्याऐवजी अकरा वाजता झोप, आणि सकाळी मेसमध्ये चहा पिताना मैत्रिणीला म्हण, मला काहीही विचार.

प्रश्न : एका शिबिरात माझ्या मुलीची चाचणी घेऊन ती ‘व्हिज्युअल लर्नर’ आहे असे प्रमाणपत्र दिले. त्यामुळे तिने वाचन सोडून फक्त व्हिडिओ पाहून ‘नीट’ची (वैद्यकीय प्रवेश परीक्षेची) तयारी करावी का? (एक आई, पुणे)

उत्तर : नाही, आणि ते प्रमाणपत्र कृपया फार मनावर घेऊ नका. कोणी पाहून शिकते, कोणी ऐकून, कोणी हाताने करून, आणि ज्याच्या-त्याच्या शैलीप्रमाणे शिकवले तर जास्त समजते, ही कल्पना ऐकायला पटणारी आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या चारशेहून अधिक विद्यार्थ्यांचा पॉली हसमन आणि व्हॅलेरी ओलाफलिन यांनी केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना आपापली शैली चाचणीने कळवली होती. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश विद्यार्थ्यांनी त्या शैलीनुसार अभ्यास केलाच नाही, आणि ज्यांनी केला त्यांचे गुण इतरांपेक्षा चांगले नव्हते. उलट वर्गातील टिपणे नीट अभ्यासणे, सूक्ष्मदर्शकातील काचपट्ट्यांची संगणकावरील चित्रे स्वतः तपासणे, अशा काही सवयी चांगल्या गुणांशी निगडित होत्या, मग विद्यार्थ्याची शैली कोणतीही असो.

खरे तर पद्धत विषयच ठरवतो. हृदयातील रक्ताचा मार्ग सगळ्यांनीच चित्रातून शिकावा लागतो, आणि हृदयाचे ठोके सगळ्यांनीच कानांनी. मुलीला व्हिडिओ आवडत असतील तर पाहू द्या. फक्त दर दहा मिनिटांनी तो थांबवून, आतापर्यंत काय सांगितले ते तिला वहीत लिहायला सांगा.

प्रश्न : मुलाला यंदा वैद्यकीय प्रवेश मिळाला. महाविद्यालयात एका देहाभोवती वीस-पंचवीस मुले असतात, त्यामुळे त्याला नीट दिसत नाही असे तो म्हणतो. त्याला व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी त्रिमितीय दृश्य दाखवणारे यंत्र) आणि शरीररचनेचे त्रिमितीय ॲप घेऊन द्यावे का? आता मृतदेहाची गरज तरी उरली आहे का, असेही तो विचारतो. खर्च मोठा आहे. (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : खर्चाचे आधी सांगते, कारण तो निर्णय सोपा आहे. हेडसेट घेऊ नका. ऑस्ट्रेलियातील बॉन्ड विद्यापीठात ख्रिश्चन मोरो आणि सहकाऱ्यांनी ५९ जणांना कवटीची रचना शिकवली : काहींना व्हीआर हेडसेटवर, काहींना ऑगमेंटेड रिॲलिटीत (समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाचे चित्र बसवून), आणि काहींना साध्या टॅब्लेटवर. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. चाचणीतील गुणांत तिन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. हेडसेटवाल्यांना मात्र डोकेदुखी, गरगरणे आणि अंधूक दिसणे यांचा त्रास इतरांपेक्षा जास्त झाला. शिकण्याचा उत्साह वाटला हेही खरे, आणि त्याची किंमत मी कमी लेखत नाही. पण तेवढ्यासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

यापेक्षा मोलाचे काम मला कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील वाटते. तिथे जेफ नॉर्मन आणि सहकाऱ्यांनी मनगटातील आठ छोटी हाडे विद्यार्थ्यांना संगणकावर शिकवली. काहींना ती सर्व बाजूंनी फिरताना दाखवली, काहींना समोरून आणि मागून अशी ठरावीक दृश्येच दाखवली. सर्व बाजू दिसल्या की जास्त समजेल, असे कोणालाही वाटेल. पण ज्यांना मनातल्या मनात वस्तू फिरवून पाहणे मुळात अवघड जाते, त्यांना फिरणारे चित्र उलट जडच गेले. पुढे त्याच विद्यापीठात ओटीपोटाच्या हाडांच्या सांगाड्यावर असाच अभ्यास झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. हातात धरता येणारे साधे मॉडेल घेऊन शिकलेले विद्यार्थी पडद्यावर शिकलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होते. नंतरच्या प्रयोगांत विद्यार्थ्यांचा एक डोळा झाकला, तेव्हा मॉडेलचा हा फायदा पुष्कळ घटला; म्हणजे वस्तू खरोखर समोर असताना दोन डोळ्यांनी मिळून जी खोली दिसते, तिचे हे देणे आहे. म्हणून मुलाला सांगा, विभागात हाडे हाताळायला मिळतात तिथे रोज अर्धा तास बस. डोळे मिटून फीमर (मांडीचे हाड) हातात घे, गोल डोके कुठे, मोठा उंचवटा कुठे, मागची खडबडीत रेघ कुठे, हे बोटांनी चाचप आणि हाड उजवे की डावे ते सांग. हे जमले की स्पॉटरची (समोर ठेवलेला भाग ओळखून सांगण्याच्या परीक्षेची) भीती राहत नाही.

मृतदेहाची गरज उरली आहे का, हा प्रश्न मुलाने विचारला हे चांगले केले, कारण संशोधकांनीही तो प्रामाणिकपणे विचारला आहे. ॲडम विल्सन आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून केलेले विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. स्वतः विच्छेदन करणारे विद्यार्थी, आधीच विच्छेदन करून ठेवलेले भाग पाहणारे आणि मॉडेल किंवा संगणकावर शिकणारे, यांच्या लगेचच्या चाचणीतील ज्ञानात फरक आढळला नाही. मी आयुष्यभर डिसेक्शन हॉलमध्ये उभी राहिले असले, तरी हा निष्कर्ष मी मान्य करते. फक्त तो काय मोजतो हे पाहिले पाहिजे : तो थोड्या काळातील ज्ञान मोजतो.

ॲपमधले शरीर सगळ्यांना एकच मिळते; टेबलावरचे मात्र प्रत्येक निराळे असते. मुलाला घरीच एक करून पाहायला सांगा : अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट थोडे आत वाकवले, की बहुतेकांच्या मनगटाच्या मध्यभागी एक दोरीसारखा स्नायूबंध उठून दिसतो. तो पामारिस लाँगस. काहींच्या हातात तो नसतोच, काहींच्या एकाच हातात असतो, आणि त्यांचे काही अडत नाही. पुस्तकात छापले आहे तसेच माणूस घडलेला असेल असे नाही, हे उद्याच्या शल्यचिकित्सकाला पहिल्या वर्षीच हातांनी कळलेले बरे.

आणि आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही चाचणीत मोजलेली मी पाहिली नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचना कायद्याच्या चौकटीत महाविद्यालयांना देह मिळतात. त्यांतील कितीतरी आता लोकांनी जिवंतपणी ठरवून दान केलेले असतात. वडिलांचा देह घेऊन आलेल्या एका बाईंनी कागदांवर सह्या केल्या आणि जाताना मला एवढेच विचारले, “मुलं नीट वागतील ना त्यांच्याशी?” त्यानंतर प्रत्येक नव्या तुकडीला, देहासमोर शपथ घेण्याच्या दिवशी, मी तो प्रश्न सांगत आले. टेबलाभोवती वीस-पंचवीस मुले असतील तर पाळीपाळीने चार जणांनी काम करावे, दोघांनी पुस्तकातील वर्णन मोठ्याने वाचावे आणि तास संपताना पाहणाऱ्यांपैकी एकाने सर्वांना उलगडून सांगावे. मागे उभे राहणाऱ्याला उद्या आपली पाळी आहे हे माहीत असले, की त्याला बरेच काही दिसू लागते.

प्रश्न : बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. शरीररचनेतील नावे तोंडात बसत नाहीत. इंग्रजी माध्यमाची मुले पुढे जातात. काय करू? (एक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : ही नावे इंग्रजी नाहीतच, बहुतेक लॅटिन आणि ग्रीक आहेत. इंग्रजी माध्यमाच्या मुलालाही ती घरी कोणी शिकवलेली नसतात. तो फक्त न घाबरता उच्चारतो. तुझ्याजवळ मात्र एक साधन आहे, जे तू शाळेत मराठी व्याकरणाच्या तासाला शिकलास : समासाचा विग्रह. स्टर्नोक्लायडोमास्टॉइड म्हणजे स्टर्नम (छातीचे मधले हाड), क्लॅव्हिकल (गळ्याखालचे आडवे हाड) आणि मास्टॉइड (कानामागचा उंचवटा) यांना जोडणारा. फ्लेक्सर कार्पी अल्नॅरिस म्हणजे वाकवणारा, मनगटाचा, अल्नाच्या (कोपरापुढच्या हातातील करंगळीकडच्या हाडाच्या) बाजूचा. लेव्हेटर लॅबी सुपिरिओरिस अलीक्वे नासाय हे नाव ऐकून सगळा वर्ग हसतो, पण विग्रह केला की त्यात सगळे सांगून टाकलेले आहे : वरचा ओठ आणि नाकपुडी उचलणारा.

नाव फोडले की स्नायू कुठून कुठे जातो किंवा काय करतो, यांपैकी निम्मे उत्तर हातात येते. वहीची शेवटची काही पाने अशा मूळ शब्दांसाठी राखून ठेव आणि शब्द समजून घेताना मराठीतच विचार कर. बोलताना मूळ नाव मोठ्याने उच्चार. खोलीत एकट्याने, लाज न बाळगता.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मुले पचनसंस्थेची आकृती काढून अचूक नावे देतात, पूर्ण गुण मिळवतात. परवा सहज विचारले, प्यायलेले पाणी कुठे जाते? अर्ध्या वर्गाने सांगितले, थेट लघवीच्या पिशवीत. मग आकृती शिकवण्याचा उपयोग काय? (एक शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : तुम्ही तो प्रश्न विचारलात, याबद्दल आधी तुमचे अभिनंदन करते. पूर्ण गुण दिल्यावर असा प्रश्न विचारायला धीर लागतो.

मुलांनी काढलेली आकृती ही पुस्तकाची नक्कल असते. तिच्याआड त्यांची स्वतःची एक आकृती असते आणि ती नक्कल करूनही पुसली जात नाही. मायकेल रीस आणि स्यू डेल टनिक्लिफ यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकरा देशांतील मुलांना, ‘तुमच्या शरीराच्या आत काय आहे असे तुम्हाला वाटते, ते काढा’, एवढेच सांगितले होते. मुलांना सुटे सुटे अवयव पुष्कळ माहीत होते, पण ते एकमेकांना जोडून बनणाऱ्या संस्था फारच थोड्यांनी काढल्या. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे हृदय काढणारी मुले आपल्याकडेही आहेत आणि तिकडेही. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही शालेय विद्यार्थी पचनसंस्था आणि श्वसनसंस्था शब्दांतून व चित्रांतून कशी मांडतात, यावर संशोधन झाले आहे. ते २००९ साली प्रसिद्ध झाले.

म्हणून पुढच्या वेळी धडा सुरू करण्यापूर्वी मुलांना शरीराची नुसती बाह्यरेषा द्या आणि भाकरीचा एक घास व पाण्याचा एक घोट यांचा प्रवास दोन रंगांनी काढायला सांगा. गुण देऊ नका, चूक-बरोबर सांगू नका. मी स्वतः एका शाळेत हे केले, तेव्हा कितीतरी मुलांनी घशापासूनच दोन नळ्या काढल्या : एक जेवणाची, एक पाण्याची. मुलांच्या दृष्टीने हे तर्काला धरूनच आहे. खाल्लेले एका वाटेने बाहेर पडते, प्यायलेले दुसऱ्या वाटेने, तर आतही दोन वाटा असणारच. ही समजूत, “चूक, एकच नळी असते”, असे सांगितल्याने जात नाही. मूल ते परीक्षेपुरते पाठ करते आणि घरी जाताना आपल्या दोन नळ्या सोबत घेऊन जाते.

तिथे असा प्रश्न हवा, ज्याचे उत्तर दोन नळ्यांच्या आकृतीतून देताच येणार नाही. माझा आवडता प्रश्न सलाइनचा आहे. गावातल्या प्रत्येक मुलाने घरातल्या कोणाला तरी सलाइन लावलेले पाहिलेले असते. सुई हाताच्या शिरेत असते. ते पाणी घशातून गेले नाही, पोटात गेले नाही, मग त्या माणसाला थोड्या वेळाने लघवी का लागते? हा प्रश्न विचारून गप्प बसा. पाच मिनिटे गोंधळ होऊ द्या. कोणीतरी म्हणतेच, “म्हणजे लघवी रक्तातून होते?” त्या क्षणी पुढचा सगळा धडा मुलांना हवाहवासा होतो : पाणी अन्नाच्याच वाटेने जठरात आणि तिथून लहान आतड्यात उतरते, तिथे त्याचा मोठा भाग रक्तात शोषला जातो, रक्त मूत्रपिंडांतून फिरते, तिथे गाळून वेगळे झालेले मूत्र पिशवीत जमते. पचन, रक्ताभिसरण आणि उत्सर्जन हे पुस्तकातले तीन वेगळे धडे एका घोटाने जोडले जातात.

शेवटी पुन्हा तीच कोरी बाह्यरेषा द्या आणि पहिले चित्र शेजारी ठेवून मुलांनाच दोन्हींची तुलना करू द्या. तुम्ही विचारता, आकृतीचा उपयोग काय. पुष्कळ आहे, मात्र ती मुलाने मनातून काढलेली असली पाहिजे.

प्रश्न : मी नुकतीच सहायक प्राध्यापक झाले. दोनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात सलग व्याख्यान न देता मध्ये प्रश्न, आपसांत चर्चा असे सुरू केले. सत्राअखेरच्या अभिप्रायात मुलांनी लिहिले, मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात. वरिष्ठ म्हणतात, आधी पोर्शन पूर्ण करा. मी चुकते आहे का? (एक अध्यापिका, विदर्भ)

उत्तर : तुम्ही चुकत नाही, पण मुलांना एक गोष्ट आधी सांगायची राहून गेली आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र तपासून २०१४ साली निष्कर्ष मांडले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास झाले, तर विद्यार्थ्यांना विचार करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. दोनशेच्या वर्गात याचा अर्थ चोवीस मुले असा होतो. दोनशे ही संख्याही अडचण नाही. हार्वर्डमध्ये एरिक मझूर १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या मोठ्या वर्गांत प्रश्न देऊन शेजाऱ्याशी चर्चा करायला लावत आले आहेत.

मुलांच्या अभिप्रायाचा उलगडाही हार्वर्डमध्येच झाला. लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एकाला सफाईदार व्याख्यान मिळाले, दुसऱ्याला तीच माहिती स्वतः प्रश्न सोडवत शिकावी लागली. चाचणीत दुसरा गट पुढे होता, पण आपण जास्त शिकलो असे पहिल्या गटाला वाटत होते. ओघवते व्याख्यान ऐकताना कुठे अडत नाही, म्हणून समजल्यासारखे वाटते. स्वतः सोडवताना पदोपदी अडते, म्हणून काहीच येत नाही असे वाटते. या सदरातील पहिल्या पत्रातली मुलगी तीनदा वाचून ज्या खात्रीने व्हायव्हाला गेली, तीच खात्री तुमच्या मुलांना व्याख्यानातून हवी आहे, आणि ती न मिळाल्याने ती रागावली आहेत. त्या संशोधकांचा अनुभव असा, की सत्राच्या सुरुवातीलाच हे आकडे दाखवून मोकळेपणाने बोलले, तर विद्यार्थ्यांचे मत बदलते. पहिल्या तासाची वीस मिनिटे त्यासाठी द्या.

पोर्शनबद्दल तुमच्या वरिष्ठांची काळजी मला खोटी वाटत नाही. परीक्षा विद्यापीठ घेते आणि जबाबदारी त्यांची असते. म्हणून सगळा तास बदलू नका. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमाने लहान गटांना आणि स्व-अध्ययनाला तास दिलेलेच आहेत, तिथे मोकळेपणा घ्या. व्याख्यानात मात्र दोनच प्रश्न ठेवा, एक पंधराव्या मिनिटाला आणि एक शेवटी. गुडघ्याचे सांधे शिकवताना विचारा, खेळाडूचा पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर वळले, तर आधी कोणता लिगामेंट (हाडांना जोडणारा बंध) ताणला जाईल? प्रत्येकाने आधी स्वतः वहीत लिहायचे, मग शेजाऱ्याशी बोलायचे, मग हात वर करायचे. एकट्याने लिहिण्याची ती पायरी गाळली, की पहिल्या बाकावरची चार मुले उत्तर देतात आणि बाकीची एकशे शहाण्णव ऐकतात.

आणि एक नोंद ठेवा. एक विषय नेहमीच्या व्याख्यानाने शिकवा, तितकाच अवघड दुसरा विषय अशा प्रश्नांसह शिकवा, आणि तीन आठवड्यांनी, आधी न सांगता, दोन्हींवर पाच-पाच प्रश्नांची छोटी चाचणी घ्या. उत्तरपत्रिका आधी मुलांना परत देऊन त्यांनाच बेरीज करू द्या. मग तो कागद घेऊन वरिष्ठांकडे जा.